गेणूआज्याचे टॉवेल

करंजपाड्यात एसटी आली, आणि पंधरा मिनिटांत रिकामीच परत गेली.

गेणूआज्याच्या डोळ्यांदेखत गेली. सहा वर्षं अर्ज घेऊन डेपोत खेटे घातले होते त्याने. कारण एकच, नात पल्लवी पुढे शिकावी. यंदा पोरगी दहावी पास झाली, तालुक्याच्या कॉलेजात अकरावीला नाव लागलं. पण पाड्यावरची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि दहा वाजेपर्यंत भरत नाही. कॉलेज नऊला. शेवटी डेपोने तीन दिवसांची चाचणी दिली. माणसं चढली तर गाडी कायम, नाही चढली तर बंद.

पहिल्या दिवशी अख्खा पाडा आंब्याखाली जमला. नारळ फुटला, ड्रायव्हर जमीलभाईंना हार पडला, कंडक्टर निकिताला सिंधुबाईने ओवाळलं. आणि मग सगळे तिथेच उभे! अहो, जन्म जीपमध्ये गेलेला. जो आधी बसतो तो घामाने भिजत तासभर इतरांची वाट बघतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. मग आधी कोण बसणार?

"बस ना गं सिंधे," गेणूआजा म्हणाला.

"भरू दे की निम्मी. मंग बसते. तू बस आधी."

"मी यजमान माणूस. मी आधी कसा बसू? आन् पोरीला एकटीला कशी बसवू?"

सव्वासात वाजले, घंटी वाजली, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी तोच तमाशा. निकिता दारात उभी राहून घसा फोडून ओरडली, "अहो, ही भरायची वाट बघत नाही! वेळ झाली की सुटते!"

"रिकामी गाडी कोण हाकतंय?" सिंधुबाई हसली. "पोरगी नवी हाय, घाबरवते आपल्याला."

सव्वासातला पुन्हा धुरळा. जाताना निकिता खिडकीतून म्हणाली, "आजोबा, उद्या तपासायला साहेब येणारेत. उद्याही रिकामी गेली, तर परवा यायची नाही."

दिवसभर गेणूआज्याला भाकर गोड लागली नाही. संध्याकाळी मात्र तो एकदम उठला आणि बायकोची पत्र्याची पेटी ओढू लागला. पेटीत चाळीस वर्षांच्या लग्नांत आहेर म्हणून मिळालेले टॉवेल आणि टोप्या होत्या. घडीसुद्धा न मोडलेल्या.

"हात लावू नको!" लंकाबाई कडाडली. "पल्लीच्या लग्नात पाव्हण्यांना द्यायच्यात त्या!"

"आगं, आधी कॉलेजात तर जाऊ दे तिला! मंग लगीन." लंकाबाईने किल्ली काढून दिली, वर स्वतःचा नवा टॉवेलही दिला.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. लंकाबाईने साहेबांना चहाला घरी नेलं. तेवढ्यात आजा आणि नातीने गाडीत शिरून एका जागेवर टॉवेल, एका जागेवर टोपी, अशी सगळी बाकं झाकली. शेवटच्या जागेला काही उरलं नाही, तिथे आज्याने डोक्यावरची टोपी ठेवली. निकिता तोंड फिरवून म्हणाली, "मी काही बघितलेलं नाही." जमीलभाई नुसते खोकले.

खिडकीतून सिंधुबाईने डोकावलं आणि ती किंचाळली, "आरं, भरली! गाडी भरली! पळा!"

काय ती झुंबड! सव्वीस माणसं एका दमात चढली. आज्याला वाटलं, जिंकलो. पण आत गेला तर काय, सगळे उभे! एकही माणूस टेकलेला नाही. दुसऱ्याच्या टॉवेलवर बसायचं? असलं पाप करंजपाड्यात कुणी केलं नव्हतं.

"बसा की रे!" आजा दबक्या आवाजात म्हणाला. "माझेच हैत ते."

"समदे? तुझं काय दुकान हाय?" सिंधुबाईने त्याला उडवून लावलं. "पुढच्या फाट्याला चढणार असतील लोक. लोकाची जागा लाटायची नाय."

तेवढ्यात साहेब चढले. आज्याची पंचाईत! आता खरं बोलावं तर सोंग उघडं पडतं, नाही बोलावं तर माणसं उभी. साहेबांनी गर्दी बघितली, टॉवेल बघितले. एका टॉवेलकडे त्यांचा हातही गेला, पण तेही खेड्यातलेच. हात माघारी आला.

"फारच गर्दी आहे. बाबा, तुम्हाला उभं राहवायचं नाही. उतरा तुम्ही," असं म्हणून त्यांनी गेणूआज्यालाच हाताला धरून खाली उतरवलं.

सव्वासातला गाडी सुटली. सहा वर्षं जिच्यासाठी झिजला, ती गाडी आजा बोडक्या डोक्याने बघत राहिला. पण मागच्या काचेतून पल्लवीने हात हलवला, तेव्हा त्याला हुंदका आला, आणि खोटं कशाला सांगा, त्याने तो दाबलाही नाही.

संध्याकाळी पल्लवी टॉवेलांचं गाठोडं घेऊन जीपने परतली. हसून हसून तिला सांगता येईना. "आजा, फाट्याला कुणीच चढलं नाय! तरी कुणी बसलं नाय! साहेब पण तालुक्यापर्यंत दांडी धरून उभे!"

आठवड्याने डेपोचं पत्र आलं. 'जागा अपुऱ्या, प्रवासी उभ्याने प्रवास करतात. सकाळची फेरी कायम करून संध्याकाळची आणखी एक फेरी द्यावी.' लंकाबाईने पत्र देवापुढे ठेवलं आणि पेटीला कुलूप घातलं.

सोमवारी गेणूआजा नातीसोबत ऐटीत निघाला. चढून बघतो तर प्रत्येक बाकावर खिडकीतून टाकलेला टॉवेल, पिशवी, नाहीतर टोपी. एसटीत असंच करायचं असतं, हे पाडा आता शिकला होता. आज्याचा हात एका टॉवेलकडे गेला. त्या टॉवेलांचं खरं त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी हात आपोआप माघारी आला.

"आजा, गाडी तू आणली आन् तूच उभा?" पल्लवी म्हणाली. "थांब, सिंधुकाकूला जागा द्यायला सांगते."

"गप," आज्याने दांडी घट्ट धरली. गाडी हलली तसा तोही हलला आणि हसला. "समदे बसलेले दिसले तर साहेब म्हणंल, एकच फेरी पुरते. मंग तू संध्याकाळी कशी येशील?"