गच्चीवरचा एक फोटो

फोटो काढावा तर मीच! असं मी ऑफिसात, जिन्यात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे सांगून बसलो होतो. कारण माझ्याकडे डीएसएलआर आहे. बारा वर्षं जुना, तोही सेकंडहँड. गळ्यात अडकवला की माणूस नांगराला जुंपल्यासारखा दिसतो.

मे महिन्यात पेठकडून पुतळाबाई मावशी नाशिकला आमच्याकडे आली. ती आणि माझी आई यशोदाबाई, सख्ख्या बहिणी. दोघी सत्तरीच्या पुढे, आणि दोघींचा एकत्र असा एकही फोटो नाही! मावशी पाचच्या एस.टी.ने परत जाणार होती. पुन्हा कधी येईल ते तिचे गुडघेच जाणोत.

"मी काढतो," मी म्हणालो.

"अहो, माझा छोटा कॅमेरा आहे ना," बायको म्हणाली. ललिताचा कॅमेरा मुठीत मावतो. बटण दाबलं की फोटो. संपलं.

"हॅ! साबणाच्या वडीने कुठे फोटो निघतात?" मी हसलो. त्या दिवसातलं माझं ते शेवटचं हसू.

दोघींना गच्चीवर खुर्च्यांत बसवलं. पहिला फोटो काळाकुट्ट. दुसरा पांढराफटक. तिसऱ्यात दोघी धूसर, आणि मागच्या दोरीवरचा माझा बनियन मात्र इतका स्पष्ट की भोकं मोजून घ्यावीत!

"झाला का रे?" आईने विचारलं.

"प्रकाश बघतोय."

"एवढं ऊन पडलंय, आन ह्यो उजेड हुडकतोय!" मावशी म्हणाली.

साडेचार झाले. आईची मान अवघडली. मावशीला पुढचे दात नाहीत, म्हणून ती ओठ घट्ट मिटून बसलेली. मीही घामाने निथळत होतो. त्यात माझ्या लेन्सला झूम नाही. चौकटीत जास्त मावायला हवं तर आपणच मागे सरकायचं. आई मावली तर मावशीचा कान बाहेर. मी एक पाऊल मागे. मावशी मावली तर आईचा खांदा बाहेर. अजून एक पाऊल.

"अहो, मागे बघा..." माझ्या पाठीमागून ललिता म्हणाली.

"गप्प! फोकस लागतोय!"

मागे बाज होती. बाजेवर आईने वाळत घातलेल्या, अख्ख्या वर्षाच्या कुरडया होत्या.

कर्रर्रर्र!

मी बाजेत उताणा, कॅमेरा छातीवर, पाय आभाळात!

"अरे मेल्या, माझ्या कुरडया!" आई ओरडली. मग मावशीकडे बघून फिसकन हसली. मावशी तर दातबित सगळं विसरली. आईच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली.

टिक्! ललिताने तिच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं.

मावशीला एस.टी. मिळाली. मी मात्र अंधार पडेपर्यंत शर्टातून कुरडयांचा चुरा वेचत होतो.

आठवड्याने मावशीचा फोन आला. "ललितानं धाडलेला फोटो भिंतीला लावलाय रं. लय झ्याक आलाय! समदं गाव बघून जातंय. दोघी बहिणी वळखू येतात, पन इचारतात, खाली कोपऱ्यात हे वर गेलेले पाय कुनाचे?"

"मग? काय सांगतेस?"

"काय सांगनार? फोटोवाल्याचे!"