तीन बॅटऱ्यांचं एकत्र कुटुंब

दिवाळे गावच्या गोटीराम कोळ्याने ठरवलं होतं एवढंच, की लेकीच्या साखरपुड्याला बस करायची नाही. खाडीपलीकडे गव्हाणला जायचं तर स्वतःच्या होडीतून, तेही वाजतगाजत. त्याच्या बायकोने, सखूने, एकदा म्हणून बघितलं, "बस बरी पडंल." गोटीराम खवळला. "कोल्याची पोर नि बसनं? व्याही तोंडात शेन घालतील!"

झालं! वाजतगाजत जायचं म्हणून मोठा स्पीकर आला. स्पीकरला तिसरी बॅटरी आली (एक इंजिन सुरू करणाऱ्या सेल्फला आणि एक दिव्यांना आधीच होती). तिघींचं पोट भरायला केबिनच्या टपावर सोलरचं पॅनेल आलं. आणि हे सगळं जोडायला शिरवणे गावचा वायरमन अरविंद आला.

"गोटीशेठ, इंजिन चालू असेल तेव्हा अल्टरनेटर चार्ज करेल, बंद असेल तेव्हा सोलर," अरविंद म्हणाला. "पण सेल्फची बॅटरी वेगळी ठेवू. स्पीकरने बाकीच्या संपवल्या तरी इंजिन सुरू होईल."

"वेगली?" गोटीरामच्या कपाळाची शीरच उठली. थोरल्या भावाने घराची वाटणी मागितल्यापासून हा शब्द त्याला सोसत नव्हता. "माज्या होडीत वाटनी नाय! तिघींनी एकत्र खायाचं, एकत्र ऱ्हायाचं. बांध एका वायरीला!"

अरविंदने कपाळाला हात लावला आणि बांधल्या. (पाहुणा म्हणून साखरपुड्याचं आमंत्रण होतं, उगाच वाद कोण घालणार?) वर गोटीरामने इंजिन फिरवायचं जुनं हँडलही भंगारवाल्याला देऊन टाकलं. सूर्यच चाकरीला ठेवल्यावर हँडल कशाला?

पुढचे चार दिवस इंजिन बंद आणि स्पीकरची ट्रायल चालू. कोणी टोकलं की गोटीराम बोटाने आभाळ दाखवायचा. "टेन्शन नाय! वरून भरतंय." टपावर चढून बघायचं मात्र त्याच्या गुडघ्यांनी काही मनावर घेतलं नाही.

साखरपुड्याच्या दिवशी भर भरतीला पंचवीस माणसं होडीत चढली. मधोमध नवरी मनस्वी, शेजारी सखू, तिच्या मांडीवर विहिणीसाठी सोड्यांची, सुक्या कोळंबीची टोपली. स्पीकर दणाणला. गोटीरामने मिशीवर ताव देत सेल्फ मारला.

इंजिनाने एक उसासा टाकला. दुसऱ्या खेपेला तेवढाही नाही. स्पीकरने अर्ध्या कडव्यात मान टाकली.

"आवो, पानी उतरायला लागलं!" सखू ओरडली. "चिखलात बसलो तर संध्याकालपतूर हितंच! तिकडं मुहूर्त टलंल पोरीचा!"

अरविंद नवा शर्ट सांभाळत टपावर चढला आणि वाकून काहीतरी शोधायला लागला.

"काय रे? पॅनेल फुटलं काय?"

"पॅनेल दिसलं तर सांगतो ना शेठ! वर सोडे वाळत घातलेत. या काठापासून त्या काठापर्यंत. कावळे येऊ नयेत म्हणून जाळं पण टाकलंय."

सगळ्यांनी सखूकडे बघितलं.

"मंग?" ती म्हणाली. "चार दीस तिथंच वालवतंय मी. मना वाटलं, तुमी माज्यासाठीच बशिवलंय. बोल्ले नाय का तुमाला, टप लय झ्याक झालाय म्हनून?"

बोलली होती. आणि ते आपलं कौतुक समजून गोटीराम दोन दिवस खुशीत होता.

मनस्वीने निमूटपणे होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. "तेजस, होडी घेऊन ये. दोर पन आन. नाय रे, मला न्यायला नाय. बाबांना वढायला."

वीस मिनिटांत जावई आला आणि दोर बांधून निघालाही. मागच्या होडीत गोटीराम सुकाणू उगाचच घट्ट धरून उभा होता. पोरीच्या सासरी पहिलंच जाणं, आणि तेही ओढून! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गव्हाणच्या धक्क्यावर व्याही देवजी अख्खं गाव घेऊन उभे. मुहूर्त मिळाला, अंगठ्या झाल्या, पेढे वाटले, तरी दोराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्याने गोटीरामला आणखीच धास्ती वाटली. तेवढ्यात विहिणीने टोपलीतला सोडा दातांनी कट्‌कन तोडला, ती सखूच्या कानाला लागली, सखूने धक्क्यावरच्या होडीकडे बोट दाखवलं, मग विहीण देवजींच्या कानाला लागली.

देवजी उठले. गोटीरामला बाजूला घेऊन म्हणाले, "व्याही, एक मागनं हाय. नाय म्हनू नका."

गोटीरामने हात जोडले. "बोला."

"तुमचं ते सोडे वालवायचं मशीन आमच्या टपावर पन बशिवून द्या. वायरी नसल्या तरी चालंल."