वीस मिनिटांची नोकरी

इनास अंकल रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी ते रोज संध्याकाळी कामावरून घरी येतात.

पाच वाजून वीस मिनिटांनी ते माणिकपूरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरतात. अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला कंपनीचा जुना पास, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. वॉचमनला म्हणतात, "सुटली एकदाची," आणि दमल्या पायांनी दुसऱ्या मजल्यावर चढतात. नव्या भाडेकरूंना यात काही वावगं दिसत नाही. जुन्यांना मात्र माहीत असतं की हाच माणूस हाच डबा घेऊन बरोबर पाच वाजता याच फाटकातून बाहेर पडला होता. "अंकलची वीस मिनिटांची नोकरी" असं त्याला आमच्याकडे नावच पडलंय. गेलं वर्षभर हे चालू आहे. कोणी कारण विचारत नाही, कारण अंकलना काही विचारलं की ते उलट तासांचा हिशेब मागतात.

अंकल गोखिवऱ्याच्या एका कंपनीत टाइमकीपर होते. कंपनी कड्या-बिजागऱ्या बनवायची आणि अंकल कोण कधी आला, कधी गेला ते बघायचे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही माणसाबद्दल त्यांना एकच प्रश्न पडतो, "किती ते किती?" लग्नाच्या जेवणात कोणी पुरी वाढायला आलं की ते ताटावर हात धरतात आणि विचारतात, "किती ते किती?" वाढणारा बिचारा पुऱ्या मोजू लागतो. बँकेतल्या मॅडमना विचारतात, कुरिअरवाल्याला विचारतात. एकदा मिस्सा संपल्यावर फादरांनाही विचारलं होतं. फादर हसून म्हणाले, "आमची चोवीस तास ड्युटी, इनास." अंकल हसले नाहीत. म्हणाले, "मग प्रवचन लांबतं त्यात नवल नाही फादर. माणूस थकला की लांबतोच."

कायदा त्यांना प्रार्थनेसारखा पाठ आहे. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्याच्या वर गेलं की डबल. हे ते एका श्वासात म्हणतात आणि 'डबल'वर बोट वर करतात. मध्यंतरी मी त्यांना सांगितलं की जुने कायदे जाऊन नवे येतायत, सगळी कलमं बदलणार. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "डबल आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग नाव काय ठेवायचं ते ठेवू दे."

किमान वेतनाच्या तक्त्यात कामगारांचे तीन वर्ग असतात, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल. तो तक्ता अंकलनी कंपनीच्या फाटकावर इतकी वर्षं लावला की आता सगळी मनुष्यजात त्यांना त्या तीन रकान्यांत दिसते. कोपऱ्यावरचा न्हावी कुशल. त्याचा भाऊ अर्धकुशल, "कानाजवळ घाबरतो." आमचे सेक्रेटरी अकुशल, त्यावर चर्चाच नाही. माझ्या आईने एकदा हौसेने उपमा पाठवला. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, धुऊन पुसून, आणि निरोप आला, "अर्धकुशल. पण बढती जवळ आहे." आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही आणि मग पुन्हा उपमा पाठवला. स्वतः अंकल कुठल्या वर्गात, हे मात्र ते सांगत नाहीत.

माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती पत्रकामुळे. आमचा वॉचमन आठ ते आठ, बारा तास फाटकावर असायचा. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मोठी झालेली मुलगी. माझ्या बाबांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली आणि वाटली, त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आपोआप कोऱ्या कागदाकडे जातो. रात्रीत एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि सकाळी अंकलना दाखवलं. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं.

"'जुलमी' लिहिलंयस. किती तास जुलमी?"

"म्हणजे?"

"तास लिही, पोरी. तुझ्या पत्रकात उद्गारचिन्हं अकरा आहेत आणि तास एकदाही नाही. सेक्रेटरी उद्गारचिन्हाला घाबरत नाही. त्याला आकडा दाखव."

शेवटी पत्रकात चार ओळी उरल्या. सभेत सेक्रेटरी म्हणाले, "अहो, तो बसूनच तर असतो. बसण्याचा कसला ओव्हरटाइम?" अंकल उठले. म्हणाले, "रविवारी तुम्ही बसा. आठ ते आठ. खुर्ची तीच." आता सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? रविवारी सेक्रेटरी पेपर, पाण्याची बाटली आणि उशी घेऊन बसले. शेजारी स्टूल टाकून अंकल, मांडीवर घड्याळ. सव्वाअकराला सेक्रेटरींना घरचं एक अर्जंट काम आठवलं. पुढच्या महिन्यात वॉचमनच्या पाळ्या आठ-आठ तासांच्या झाल्या, मेंटेनन्स वाढला, आणि अर्धी सोसायटी अंकलशी बोलेनाशी झाली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "न बोलण्याला डबल नाही," म्हणाले.

एवढ्या तत्त्वाच्या माणसाच्या घरात काय चालतं, याची मला अर्थातच उत्सुकता होती. अंकलची बायको रोझाबाय. गेली दोन-तीन वर्षं तिचं विसरणं वाढत गेलंय. तिला सांभाळायला आगाशीहून दोन बस बदलून सुमनमावशी येते. बाया पुरवणाऱ्या ब्युरोने बारा तासांची बाई देऊ केली होती. अंकलनी त्यांना फोनवर अर्धा तास कायदा ऐकवला, त्यांनी फोन ठेवला, मग अंकलनी ओळखीतून मावशी शोधली. नऊ ते पाच. दुपारी अर्धा तास जेवणाची सुटी, त्या वेळात मावशीकडे पाणीसुद्धा मागायचं नाही. मावशीच मला सांगत होती, "मी जेवते तं काका दारात उभे ऱ्हातात पहाऱ्याला. मला घास उतरत नाही."

आणि अशा घरात मला एक दिवस चोरी सापडली.

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. सव्वापाचला उतरत होते, तर दुसऱ्या मजल्याच्या वरच्या पायऱ्यांवर सुमनमावशी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मला बघून दचकली. "पाय दुखतात," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तिथेच, तिसऱ्या दिवशीही. खालून अंकलच्या चपला वाजल्या की ती चार पायऱ्या वर सरकायची आणि त्यांचं दार लागलं की चोरपावलांनी उतरून जायची. म्हणजे रोज वीस मिनिटं जास्त. माझ्या आतलं पत्रक जागं झालं. कायद्याच्या नावाने सगळ्यांना लाल पेन लावणारा माणूस स्वतःच्या घरात बाईला थांबवून घेतो, आणि तेही लपवून. मग ती त्यांच्याच चपला वाजल्या की का लपते, हा प्रश्न मला पडला नाही.

चौथ्या दिवशी मी फाटकातच त्यांना गाठलं. म्हटलं, "अंकल, सुमनमावशी. किती ते किती?"

"नऊ ते पाच," ते अभिमानाने म्हणाले.

"नऊ ते पाच वीस. पायरीवर बसलीय. चार दिवस बघतेय मी."

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. सभेत अर्धी सोसायटी ओरडली तेव्हाही नाही. ते जिना चढू लागले, मी मागून. मावशी वर सरकायच्या आत आम्ही पोचलो.

"सुमनबाय, पाचला तुम्हाला सुटी आहे."

"हाय."

"मग इथे काय करताय?"

"बसलीय."

"मी तुम्हाला निघा सांगून जातो. लॅच ओढून घेता ना?"

"घेते ओढून. आनि बाईनं आतून उघडलं तं? रस्त्याला लागली तं कोन धरनार? तुमी तं पिशवी घेऊन कंपनीत गेलेले." मावशीने माझ्याकडे बघितलं. "तुला म्हाईत नाही काय गं? पाच वाजले का बाई दाराकडे बघत ऱ्हाते. माझा मानूस येल म्हनते कंपनीतून. काका समोर बसलेले असतात. त्यांनाच म्हनते, तुमी कोन हो भाऊ? निघा आता, माझा मानूस यायची वेळ झाली. रडते, दार धरते. मंग काका निघतात आनि येतात."

मी अंकलकडे बघितलं. ते पिशवीचे बंद नीट करत होते.

"दोन मिनिटांत परत आलं तर तिला आठवतं की आताच कोणीतरी गेलं," ते म्हणाले. "दहा मिनिटांत आलो, तरी चालत नाही. वीस लागतात. मी बघितलंय मोजून. रिक्षा स्टँडवर उभा राहतो."

मनात लिहून आणलेलं पत्रक वाक्यागणिक गळून गेलं होतं.

अंकल मात्र तोवर सावरले होते. "हे चालणार नाही सुमनबाय. रोजची वीस मिनिटं, वर्षभर. हा ओव्हरटाइम आहे."

"ठेवा तुमचं डबल. पायरीवर बसते ती काय कामाला बसते?"

"बसण्याचाही असतो. ते मी सेक्रेटरीला सिद्ध करून दाखवलंय. झाल्याचं डबल घ्यावं लागेल. आणि उद्यापासून तुम्ही नऊ वीसला या. नऊ वीस ते पाच वीस. आतच बसायचं, पायरीवर नाही."

"माझी बस नऊलाच सोडते. मंग वीस मिन्टं मी खाली फाटकावर बसू?"

अंकल अडले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं अडवलं नसेल. थोडा विचार करून म्हणाले, "वर या. पण कामाला हात लावायचा नाही. खुर्चीवर बसायचं. चहा मी करीन."

"तुमचा चहा," मावशी उठत म्हणाली, "अकुशल हाय."

"शिकेन," अंकल म्हणाले.

मग त्यांनी शर्ट खाली ओढला, पास सरळ केला. किल्ली खिशात होती, तरी बेल वाजवली. आम्ही दोघी दोन पायऱ्या वर सरकलो. खरं तर मला तिथे थांबायचं काही कारण नव्हतं.

दार रोझाबायने उघडलं. मावशीने घालून दिलेली घट्ट वेणी, तीत अबोलीचा गजरा, अंगावर सणाची साडी. तिने अंकलना वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला.

एक गोष्ट सांगायची राहिली. अंकल तीस वर्षं कंपनीत होते आणि त्या तीस वर्षांत त्यांनी ओव्हरटाइमला कधी नाही म्हटलं नाही, हे ते स्वतःच मोठ्या तोऱ्यात सांगायचे. "एकही सोडला नाही, पोरी. सगळा डबल. पाचला सुटून घरी आलेला दिवस मला आठवत नाही."

"इनास," रोझाबाय म्हणाली, "आज ओव्हरटाइम नाही लावला?"

"नाही."

"लवकर सुटलास?"

"वेळेवर सुटलो. आता रोज याच वेळेला येणार."

रोझाबायने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, डबा हलवून बघितला आणि रिकामा वाजला तशी समाधानाने मान डोलावली.

"असं तू दर महिन्याला म्हणतोस," ती म्हणाली, आणि त्यांना आत घेतलं.