बाल्कनीसाठी उपोषण

माणसं जिंकायची कला शिकून येत नाही, ती अंगात असावी लागते. माझ्या आहे! कोथरूडच्या आमच्या सोसायटीत टँकरवाल्यापासून चेअरमनपर्यंत कुणाची मला 'नाही' म्हणायची हिंमत झाली नाही. त्यामुळे कोन्स्टान्त्समध्ये घर मिळवायची वेळ आली, तेव्हा मी हृषिकेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, छातीठोकपणे सांगितलं, "तू नुसतं शेजारी बसून हसायचं. बाकी मी बघते."

"तनया, प्लीज," तो म्हणाला, "तू कमी बोललीस ना, तर घर मिळेल."

नवऱ्यांना बायकोच्या गुणांची कदर नसते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच.

दोन हजार सहाचा ऑक्टोबर होता. कोन्स्टान्त्स म्हणजे जर्मनीचं अगदी खालचं टोक. एका बाजूला बोडनझे नावाचं अवाढव्य सरोवर, आणि गावातल्याच एका रस्त्यावर जर्मनी संपून स्वित्झर्लंड सुरू! पण पलीकडे पाऊल टाकायला वेगळा व्हिसा लागायचा, आणि तो आमच्याकडे नव्हता. हृषिकेशच्या सॉफ्टवेअर कंपनीने आम्हाला स्टेशनमागे एक खोली दिली होती. तिच्या खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसायचे. पिवळा, निळा, तपकिरी, काळा. युरोपात आल्यापासून मी त्या डब्यांकडे बघत चहा पीत होते, आणि पुण्याला फोनवर "व्ह्यू एकदम कलरफुल आहे" असं सांगत होते.

आणि मग ते घर दिसलं!

दुसरा मजला, तीन खोल्या, स्वयंपाकघरासकट. हे मुद्दाम सांगते, कारण इथे लोक घर सोडताना ओटा, सिंक, कपाटं सगळं उचकटून बरोबर नेतात. पण ओट्याचं काय घेऊन बसलात, बाल्कनी! खाली सरोवर, वर धुकं. त्या दिवशी पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. एक पांढरी बोट मधेच कुठेतरी तरंगत होती. मग धुकं जरासं विरलं आणि पार पलीकडे, स्वित्झर्लंडात, सेंटिस नावाचं बर्फाचं शिखर हळूच वर आलं. व्हिसा न काढता रोज स्वित्झर्लंड! मी तिथे उभी राहिले ती मनाने राहायलाच आले. इथे वेताची खुर्ची. इथे तुळस. मी शाल पांघरून बसलेय, हातात आल्याचा चहा, आणि समोर...

"तनया!" हृषिकेश माझा दंड हलवत होता. "मालक तीनदा विचारतायत, तुम्ही नोकरी करता का?"

"जा, गेनाऊ!" मी म्हणाले. नोकरी मी करत नव्हते. पण 'जा, गेनाऊ' म्हणजे 'हो, अगदी बरोबर', आणि या दोन शब्दांवर मी जर्मनीतली सगळी वेळ मारून नेत आले होते.

मालक म्हणजे हेर एगली आणि त्यांची बायको फ्राऊ एगली. दोघं सत्तरीचे, दोघं अस्सल स्विस. फ्राऊ एगलींना मावशीकडून हे घर मिळालं म्हणून सीमेच्या अलीकडे येऊन पहिल्या मजल्यावर राहिलेले. त्यांची जर्मन ऐकली की वाटायचं, आपण क्लासला जाऊन भलतीच भाषा शिकलो! हेर एगलींनी आमचे हात कडक दाबले आणि सांगितलं, "खोल्या टेपने मोजता येतात. माणसं आम्ही जेवणाच्या टेबलावर बघतो. शनिवारी संध्याकाळी फोंड्यू. सगळं कुटुंब या." दुसरं एक दंतवैद्य जोडपं आधीच जेवून गेलं होतं म्हणे, आणि फार नीटनेटकं जेवलं होतं.

आता 'सगळं कुटुंब' यात माझ्या सासूबाई आल्या. मनोरमाबाई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. फोंड्यू म्हणजे काय ते मी त्यांना नीट समजावलं. मधे चीज वितळवलेलं एक भांडं, प्रत्येकाच्या हातात लांब काटा, काट्याला पाव टोचायचा, भांड्यात बुडवायचा, खायचा.

"आणि मग?"

"मग पुन्हा बुडवायचा."

"तोच काटा? तोंडातून काढलेला? सगळ्यांचे?" आईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "अगो बाई! मी नाही ते उष्टं खायची."

"काही प्रॉब्लेम नाही, आई. शनिवार आहे. मी सांगते, तुमचा मारुतीचा उपास आहे म्हणून."

"देवाच्या नावावर खोटं बोलायचं नाही," आई म्हणाल्या. "सांगणारच असशील तर मी खरंच धरते."

आणि धरलाही! सकाळपासून एक कप दूध आणि एक केळं. संध्याकाळी एगलींच्या जिन्यावरच त्यांच्या पोटातून आवाज यायला लागले.

टेबल सुरेख मांडलं होतं. खिडकीतून तेच सरोवर. मधे छोट्या शेगडीवर लाल भांडं, त्यात चीज रटरटतंय. हेर एगली हृषिकेशला तळघरातली हीटिंगची व्यवस्था दाखवायला घेऊन गेले. इकडे फ्राऊ एगलींनी आईंच्या हातात काटा दिला.

"आज त्या उपाशी आहेत," मी ऐटीत सांगितलं.

"काहीच नाही खाणार?"

"गार निश्ट्स!" मी म्हणाले. काही म्हणजे काही नाही. अर्धवट उपास सांगितला की लोक आग्रह करतात, हा माझा अनुभव.

तेवढ्यात फ्राऊ एगलींनी झाकलेली टोपली उघडली. आत वाफाळते उकडलेले बटाटे! आईंचे डोळे चमकले.

"बटाटा चालतो गं उपासाला," त्या कुजबुजल्या. "सांग त्यांना."

"आई, आत्ताच गार निश्ट्स म्हणून बसलेय. आता कसं फिरवू?"

"मला भोवळ येतेय."

"थोडा दम धरा. घराचा प्रश्न आहे."

आई त्या टोपलीकडे अशा बघत होत्या, की फ्राऊ एगलींनाच पाव गोड लागेना. त्यांनी माझ्याकडे वळून काहीतरी विचारायला सुरुवात केली. आणि नेमकं तेव्हाच, काय सांगू तुम्हाला, खिडकीबाहेर धुकं फाटलं! सूर्य मावळत होता. सेंटिसचा बर्फ आधी पिवळा झाला, मग गुलाबी. सरोवरात तोच गुलाबी रंग लांबच लांब पसरला. मी पुन्हा माझ्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. शाल, चहा. तुळशीला इथे थंडी बाधेल का? काचेची पेटी करून घेऊ. पलीकडच्या किनाऱ्यावर एकेक दिवा लागतोय, आणि मी...

दूर कुठेतरी फ्राऊ एगली विचारत होत्या, "या घरासाठी उपाशी आहेत का त्या?"

"जा, गेनाऊ," मी म्हणाले.

"म्हणजे घर मिळेपर्यंत?"

"गेनाऊ, गेनाऊ."

काटा खणकन बशीवर पडला. मी दचकून बघते तर फ्राऊ एगली पांढऱ्याफटक, जिन्याच्या दाराशी उभ्या राहून खाली तळघराकडे ओरडतायत! त्या बोलीतलं मला एवढंच कळलं, की आमच्या टेबलावर कोणीतरी मरणार आहे.

हेर एगली धापा टाकत वर आले, मागोमाग हृषिकेश.

"मी दबावाखाली घर देत नाही!" हेर एगलींनी टेबलावर मूठ आपटली. "टीव्हीवर पाहिलंय मी. तुमच्याकडे लोक उपाशी बसतात आणि सरकारं झुकतात. पण हे स्विस घर आहे!"

हृषिकेशने माझ्याकडे पाहिलं. "काय बोललीस तू?"

"मी कुठे काय बोलले? मी डोंगर बघत होते!"

हृषिकेश बिचारा समजावायला लागला, की हा धार्मिक उपास आहे, दर शनिवारी लाखो लोक करतात, यात तर बटाटेसुद्धा चालतात.

"मग बटाटे का नाही घेतले?" हेर एगलींनी विचारलं.

मी घाईघाईने टोपलीवर झाकण ठेवलं.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', असं म्हणत हेर एगली खुर्ची ओढून आईंसमोर बसले. "मी यांनाच विचारतो. तू शब्दन् शब्द सांगायचा. ही नाही," माझ्याकडे बोट, "तू. विचार, या घरासाठी उपाशी बसलात का?"

हृषिकेशने विचारलं. आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. पुण्यात त्या नजरेला मी एकदाच सामोरी गेले होते, पुरणपोळ्या करपल्या होत्या तेव्हा.

"घरासाठी?" आई म्हणाल्या. "अरे, मला विचारशील तर हे घर मिळूच नये तुम्हाला!"

मी हृषिकेशला टेबलाखालून लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला लागली.

"आत्ताच्या खोलीत तुमच्या दोन बॅगा आहेत," आई पुढे म्हणाल्या. "आज म्हटलं तर उद्या भरून निघाल. या घरात पडदे येतील, कपाटं येतील, ही कुंड्या लावेल. लावलेल्या कुंड्या टाकून कोण परत येतं रे? मी तुझ्या बाबांच्या फोटोसमोर रोज सांगते, पोरगा दोन वर्षांनी येतोय. आता काय सांगू?"

हृषिकेशने शब्दन् शब्द सांगितला. सांगताना दोनदा थांबला. मला सेंटिस दिसेना, डोळ्यांत पाणी आलं होतं. बाल्कनी गेली म्हणून की आईंसाठी, ते आता विचारू नका, दोन्हीसाठी होतं.

आणि मग फ्राऊ एगली रुमालात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागल्या! त्यांचा मुलगा न्यूझीलंडला. तोही थोड्या दिवसांसाठीच गेला होता. आता तिथे त्याची मेंढरं आहेत. "पुढच्या नाताळला येतो म्हणतो. मेंढरं टाकून कसा येणार?" त्यांनी आईंचा हात धरला. एकीला मराठी, दुसरीला ती डोंगराळ बोली, पण दोघींचं असं जमलं की मधे कोणाची गरजच राहिली नाही. हेर एगली भांड्यातलं चीज ढवळत बसले. न ढवळलं तर खाली लागतं म्हणे. पण इतकंही ढवळावं लागत नसणार.

शेवटी नवराबायको स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजले आणि बाहेर आले.

"आम्ही स्विस," हेर एगली घसा साफ करून म्हणाले. "कोणत्याही गोष्टीवर मतदान घेतो. प्रस्ताव असा. घर यांना द्यायचं. पण बाल्कनीची खोली आजींची. कायमची. त्यांनी दर वर्षी यायचं, आणि ती खोली दुसऱ्या कोणी वापरायची नाही. नाहीतर घर दंतवैद्यांना. ज्यांना मान्य, त्यांनी हात वर करा."

फ्राऊ एगलींचा हात वर. हेर एगलींचा वर. माझ्या नवऱ्याचा हात तर सगळ्यांच्या आधी वर गेला होता, फितूर!

"काय विचारतायत?" आई म्हणाल्या. हृषिकेशने सांगितलं. आईंनी खिडकीबाहेर पाहिलं, त्या शेवटच्या गुलाबी रेघेकडे. "दर वर्षी?" त्यांनी विचारलं. "खरंच?" आणि हळूच हात वर केला.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी वेताची खुर्ची, माझी शाल, माझी तुळस! पण दंतवैद्य डोळ्यांसमोर आले, आणि मीही हात वर केला. अर्धाच.

"एकमताने मंजूर!" हेर एगली गरजले. "उपोषण सुटलं! आता आजींनी खायचं!"

फ्राऊ एगलींनी पाव टोचलेला काटा स्वतः आईंच्या हातात दिला.

"उष्टं आहे गं," आई पुटपुटल्या.

"आई, आता तुमचं मत पडलंय."

आईंनी डोळे मिटले, मारुतीचं नाव घेतलं, पाव बुडवला आणि तोंडात टाकला. बराच वेळ चावला. एक डोळा उघडला.

"बरं लागतंय की! जरा आंबूस आहे. ताक घालतात का?"

हेर एगलींच्या कोपराशी वाइनची बाटली रिकामी उभी होती, अर्धी भांड्यात, अर्धी त्यांच्या पोटात.

"हो आई," मी म्हणाले. "ताकच."

हृषिकेशला जोराचा ठसका लागला. आईंनी मात्र दुसरा तुकडा टोचला, मग तिसरा. गाल लाल झाले, आणि त्या फ्राऊ एगलींना आमच्या लग्नातल्या मानापमानाची सगळी हकीकत मराठीतून सांगत बसल्या. फ्राऊ एगली 'जा, गेनाऊ' म्हणत होत्या!

तर अशी मी माणसं जिंकली. घर मिळालं आणि आम्ही राहायलाही गेलो. दर उन्हाळ्यात आई तीन महिने येतात आणि बाल्कनीत बसून सेंटिसला हात जोडतात. तुम्ही म्हणाल, उरलेले नऊ महिने तर बाल्कनी तुझीच! मलाही तसंच वाटलं होतं. पण ठराव म्हणजे ठराव. दुसऱ्या कोणी वापरायची नाही. मैत्रिणीची खोली बंद राहून कुबट होऊ नये, म्हणून फ्राऊ एगली रोज दुपारी वर येतात, खिडक्या उघडतात, आणि शाल पांघरून तिथे बसतात.

मलाही सेंटिस दिसतो हं, नाही असं नाही. चहाचा ट्रे घेऊन गेले की दिसतो. दार वाजवून.