खरात काका पत्ता सांगत नाहीत

खरात काकांना दुकानाचा पत्ता विचारला, तर ते पत्ता सांगत नाहीत. पत्ता कुणाला विचारायचा, ते सांगतात.

"काका, सुरीला धार कुठं लावून मिळेल?" असं मी एकदा विचारलं होतं.

"पैठण गेटला उतरा. चष्म्याच्या दुकानाबाहेर एक चाचा बसतेत, त्यांना इचारा. पण आधी तब्येत इचारा. डायरेक्ट सुरीवर नका येऊ."

मी गेले. चाचांनी गुडघ्यांपासून सुरुवात केली, मधल्या सुनेवर आले आणि अर्ध्या तासानं म्हणाले, "धारवाला? वो तो तुम्हारे पीछेच खडा है." धारवाला खरोखरच माझ्या पाठीमागं सायकल स्टँडवर लावून उभा होता. ती सगळी हकीकत त्यानंही ऐकली होती.

मला शिस्त लागते. मी भाजीलासुद्धा यादी करून जाते, आणि यादीत भाज्या दुकानांच्या क्रमानं असतात. त्यामुळं या माणसाशी माझं पटायचं काही कारण नव्हतं. पण नोकरीनं आम्हाला एका रिक्षात बसवलं.

वाळूजच्या आमच्या कंपनीत कोरियातून, जर्मनीतून, जपानमधून इंजिनिअर येतात, दोन-तीन वर्षांसाठी, बिऱ्हाडासकट. इंजिनिअर मशीनपाशी रमतो. त्याच्या बायकोला मात्र तांदूळ कुठला घ्यायचा, पडदे कुठं शिवायचे, केस कुठं कापायचे आणि रविवारी करायचं काय, हे सगळं कुणीतरी सांगावं लागतं. हे काम ॲडमिन म्हणून माझं. मी या शहरात बारा वर्षं राहते, पण एक मॉल आणि कॅनॉटचा बाजार यांच्यापलीकडं माझी मजल नाही. म्हणून स्टोअर्समधून निवृत्त झालेल्या खरात काकांना दर शनिवारी बोलावण्यात येऊ लागलं. त्यांनी मानधन घेतलं नाही आणि कंपनीची गाडीही नाकारली. "गाडीतून उतरला की मानूस पाव्हना दिसतो ताई, रिक्षातून उतरला की गिऱ्हाईक. आपल्याला गिऱ्हाईक पाहिजे."

शहरात अमुक एक वस्तू मिळत नाही, हे काकांना मान्यच नाही. जर्मनीच्या हान्स साहेबांना त्यांच्याकडची काळा, कडक पाव हवा होता. काकांनी त्यांना शिळी ज्वारीची भाकरी खाऊ घातली. साहेबांना दह्यासारखं काहीतरी घट्ट हवं होतं, तर फडक्यात टांगलेला चक्का दाखवला. साहेब खूश. मग त्यांनी विचारलं, इथले लोक रविवारी काय करतात?

"बसतात," काका म्हणाले.

"कुठं?"

"कुठंबी. चला दाखवतो." गुलमंडीजवळ एका शिंप्याच्या दुकानात त्यांनी साहेबांना स्टुलावर बसवलं आणि स्वतः निघून आले. मला धक्काच बसला. पण हान्स साहेब अजूनही दर रविवारी तिथं जाऊन बसतात. शिंप्याला जर्मन येत नाही, साहेबांना हिंदी येत नाही, आणि दोघांचं छान चाललं आहे.

काकांचा खरा हिसका मी पाहिला तो सुजिनच्या वेळी. कोरियाची ही मुलगी तीन आठवडे फ्लॅटच्या बाहेर पडली नव्हती. नवरा चिंतेत होता, परत जायची भाषा सुरू झाली होती. तिला लोणच्यासाठी लालभडक पण कमी तिखट मिरचीपूड हवी होती. काकांनी आम्हाला शहागंजला नेलं, वाटेत तिच्याकडून "कुठं मिळंल?" एवढे दोन शब्द घोकून घेतले, आणि घड्याळाच्या मनोऱ्यापाशी उतरल्यावर तिला म्हणाले, "गो."

एकटीला! मी मागं धावणार, तर माझी ओढणी धरून त्यांनी मला उसाच्या रसाच्या गाड्याआड ओढलं.

"काका, ती हरवेल!"

"हरवू द्या थोडं."

असं म्हणाले खरे, पण स्वतः टाचा उंचावून गर्दीत तिचं डोकं शोधत होते. रस मागवला आणि तो तसाच हातात राहिला. पाऊण तासानं सुजिन आली. मिरची नव्हती. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या, आणि एका बुरखेवाल्या बाईनं तिचा हात घट्ट धरला होता. ती बाई आमच्यावर तुटून पडली. "इत्ती दूर की बच्ची कू अकेली छोडे? शरम नई आती क्या साब, इत्ती उमर में?" काका मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांच्याइतक्या आनंदानं शिव्या खाणारा माणूस मी पाहिलेला नाही. मिरची मग त्या बाईनंच घेऊन दिली. आता सुजिन दर आठवड्याला तिच्या घरी जाते आणि परत जायची भाषा कुणी करत नाही.

हे सगळं सुरळीत चालू असताना आमच्या नव्या साहेबांनी फर्मान काढलं. येणाऱ्या प्रत्येक परदेशी कुटुंबाला एक पुस्तिका द्यायची: शहरात खरेदी कुठं, करमणूक कुठं. दुकानांचे पत्ते, नकाशा, मोबाईलवर दाबलं की रस्ता. "त्या काकांच्या डोक्यात आहे ते कागदावर आणा. मग दर शनिवारी त्यांना त्रास नको." त्रास नको म्हणजे काय, ते मला कळलं. काकांनाही कळलं असावं.

मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले. "काका, करमणुकीपासून सुरू करू."

"लिहा. टेकडीवर चढणे. बसणे. उतरणे."

"पुढं?"

"पुढच्या रविवारी परत चढणे."

दुकानांचं तर विचारूच नका. पडदेवाल्याचा पत्ता विचारला, तर तो मंगळवारी कुणाशी बोलत नाही, हे कळलं. मसालेवाल्याचं नाव विचारलं, तर त्याच्या मुलीच्या बारावीच्या निकालाची चौकशी आधी करायची, असं कळलं. मला राग येऊ लागला. हा माणूस स्टोअर्समध्ये तीस वर्षं होता. तिथं प्रत्येक बोल्टाला रॅकचा नंबर होता, आणि वीज गेली तरी काका चाचपडत नेमका तोच बोल्ट काढून आणायचे. त्यांनी मला शिंप्याच्या दुकानाचा नंबर सांगू नये?

शेवटी मी माझ्या पद्धतीनं घेतलं. त्या शनिवारी कुणी नवं कुटुंब नव्हतं, तरी "मला जरा खरेदी करायची" म्हणून काकांना घेऊन निघाले आणि ते जिथं जिथं थांबले, तिथं तिथं मोबाईलच्या नकाशावर गुपचूप खूण करत गेले. पंधराव्या की सोळाव्या खुणेला त्यांनी पाहिलं.

"ताई, बंद करा ते."

इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. माझाही तोल गेला. "काका, स्पष्ट बोलू का? पुस्तिका झाली की तुमची शनिवारची फेरी बंद होईल, म्हणून तुम्ही आडवे येताय."

बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. काकांनी रिक्षाला हात केला, म्हणाले, "बजाजनगर. चला, चहा घेऊ घरी."

घर दोन खोल्यांचं, टापटीप. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी काकूंचा फोटो. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या, एवढं मला माहीत होतं. काकांनी चहा टाकला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला आलेखाचा पिवळा पडलेला मोठा कागद चिकटवला होता.

तो नकाशा होता. बारीक पेन्सिलनं, पट्टी लावून काढलेला. पिठाची गिरणी, दूध, रॉकेल, दवाखाना, बस थांबा. प्रत्येकापुढं किती पावलं, कुठल्या हाताला वळायचं, किती वाजता उघडतं, सुटे किती न्यायचे. नळाला पाणी कधी येतं. पत्र कुठं टाकायचं. एकही गोष्ट सुटलेली नव्हती. माझ्यासारख्या बाईला तर तो पाहून भरून आलं. "काका, काय सुंदर काम आहे हो हे!"

"व्हय. मलाबी तसंच वाटलं होतं." ते गॅसकडं तोंड करून बोलत होते. "लग्न करून आनलं तवा ती खेड्यातून आलेली. मी शिफ्टला. म्हटलं, तिला कुनापुढं तोंड वेंगाडायला लागू नये. आठ दिवस बसून काढला. तिला लिहाय-वाचाय येत होतं. तिनं तो पाठ केला."

"मग?"

"मग काय. गिरणीत जायची, दळून आनायची. दूध आनायची. बरोबर पावलं मोजून जायची न यायची. कुनाला काय इचारायची गरजच पडली नाय. मूलबाळबी झालं नाय, की शाळेच्या निमित्तानं तरी चार बाया भेटाव्या. मी कंपनीत सांगायचो, आमच्या घरचं लई हुशार हाय, कुनावाचून अडत नाय."

चहा उकळून वर आला. त्यांनी गॅस बारीक केला.

"ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, समदे तिच्या आठवनीला जमलेले, तवा शेजारच्या बाई दोन शब्द बोलाय उठल्या. बावीस वर्षं भिंतीला भिंत. बोलायच्या आधी माझ्याजवळ आल्या अन् कानात म्हनल्या, भाऊ, वहिनींचं नाव काय होतं?"

माझ्या हातात मोबाईल होता आणि त्यावर सोळा खुणा होत्या. मी तिथंच बसून त्या एकेक पुसल्या. साहेबांना काय सांगायचं ते सोमवारी बघता येईल. काकांनी कपात चहा ओतला, बशी पुसून पुढं सरकवली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षं मी या माणसाबरोबर रिक्षातून फिरते आहे, काकू गेल्याचं मला ठाऊक आहे, पण मीसुद्धा कधी विचारलेलं नाही. फार लाज वाटली.

"काका, काय नाव होतं काकूंचं?"

ते समोर येऊन बसले. फोटोकडं नाही, माझ्याकडं पाहत होते.

"पंचफुला," ते म्हणाले. "फुलंब्रीच्या पुढं तिचं गाव. तिचा भाऊ सांगतो, लग्नाच्या आधी लई मोठ्यानं हसायची. इहिरीवर हसली तर येशीपर्यंत ऐकू यायचं म्हनं." त्यांनी बशीत चहा ओतला, पण उचलला नाही. "मी नाय ऐकलं कधी."