पळसाचा मतदार

तालुक्याहून आलेल्या तक्त्यातला शेवटचा रकाना काही केल्या भरेना आणि शिवप्रसाद सरांच्या डोक्याला ताप झाला. देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या शिवेला टेकलेल्या त्या गावात सर शाळा शिकवीत आणि मतदार यादीही सांभाळत. साहेबांचं फर्मान होतं: गावोगाव मतदार मैत्री मंडळ काढा, आणि त्यात एकही घटक सुटता कामा नये! सरांनी कुबडीवाला लखन घेतला, यंदा अठराची झालेली साक्षी घेतली, तेलुगू बोलणारी कमलम्मा घेतली, नव्वदीची धुरपताबाई तर खुर्चीसकट उचलून आणली. उरला तो शेवटचा रकाना: 'गावाने वगळलेले'.

तसा माणूस गावात एकच होता. अडचण एवढीच, की तो मेलेला होता.

म्हणजे गावापुरता. दगडोबा कामाला म्हणून हैदराबादला गेला तो गेलाच. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला, ओळख पटावी म्हणून छातीवर त्याचं जुनं मतदार कार्ड ठेवलं आणि अग्नी दिला. तेराव्याची जिलेबी तोंडात असतानाच सरांनी यादीतून नाव कमी करायचा फॉर्म भरून टाकला. चौदाव्या दिवशी दगडोबा एस्टीतून उतरला.

आता ज्याला जाळलं त्याला 'या, बसा' कोण म्हणणार? समोरून आला की माणसं मान खाली घालत. नाव तर कुणी ओठावर आणत नसे. हाक मारावी आणि जळालेलाच यायचा! दोन वर्षं तो बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या चौकीत राहत होता. कुत्रीसुद्धा त्याच्यावर भुंकायची नाहीत.

सर भर दुपारी तिथं गेले, तरी अंगावर काटा आलाच.

"काका, मंडळात येता का?"

"येतो की. पण मला मत टाकायचं हाय."

"कुणाला?"

"कुणालाबी. सर, तिथं टेबलावरचा माणूस नाव मोठ्यानं पुकारतो ना? चौघांत?"

"पुकारतो."

"बास. दोन साल झाले, माझं नाव कुणी घेतलं न्हाई. आता मीच विसरून राहिलो."

दोन वर्षांपूर्वीची जिलेबी सरांच्या घशाशी आली.

नव्या फॉर्मवर घरच्या माणसाची सही हवी होती. दगडोबाची बायको केवळाबाई मंडळातच होती. तिनं बैठकीला आलेल्या नवऱ्याकडं पाठ केली आणि सरांना सुनावलं, "मी ह्यांच्या नावानं कुंकू पुसलं. सही केली तर भूत घरात घेतल्यावाणी व्हईल. आधी जन्माला येऊ द्या, मग बघू."

शास्त्र तिच्याच बाजूनं होतं. ज्याचे दिवस घातले, त्याचं परत बारसं करावं लागतं. मग काय! शाळेच्या व्हरांड्यात दोन खांबांना जुनं लुगडं बांधून झोळी केली आणि त्यात सत्तरीचा दगडोबा गुडघे हनुवटीला लावून बसला. त्याची आत्या केव्हाच वारलेली, म्हणून कमलम्मा आत्या झाली. तिनं त्याच्या कानात कुर्र केलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती ओरडली, "पुट्टाडु! पुट्टाडु! जन्मला गं!"

तेवढ्यात कुठूनसा ओली पानं जळाल्याचा वास आला. जो तो दुसऱ्याकडं बघू लागला.

"सर," धुरपताबाई म्हणाली, "एक इचारू? ह्यो आज जन्मला. मताला अठरा वर्षं लागतेत की!"

झोळीतून बारीक आवाज आला, "तवर मी जगत न्हाई हो!"

"गावात आजची तारीख, कागदावर जुनी," सरांनी निकाल दिला. केवळाबाईनं सही केली. तोंड मात्र भिंतीकडंच.

यथावकाश नाव यादीत आलं, नवं कार्डही आलं. मतदानाच्या दिवशी दगडोबा पहाटेच धुतलेलं धोतर नेसून तयार होता. पण केंद्रात गेला अकराला. गर्दी व्हायला हवी होती ना! टेबलावरच्या बाईंनी यादीवर बोट ठेवून खणखणीत पुकारलं, "दगडोबा सखाराम!"

रांग गार पडली. दगडोबानं डोळे मिटून घेतले.

"पण बाबा, तुमचं मत झालंय. सकाळी सातलाच. पहिलंच."

सर धावत आले. "झालंय? कुणी टाकलं?"

"हेच की. हाच चेहरा. बोलले नाहीत काही. कार्ड होतं, कडेनं जळालेलं."

सर केंद्रात बसलेल्या पक्षांच्या एजंटांवर खेकसले, "अरे, तुम्ही इथंच बसलेले! बघितलं न्हाई?"

"नाव ऐकलं की आम्ही मान खाली घातली, सर," त्यांतला गोलू म्हणाला. "सवयच हाय ना."

बाईंनी वही पुढं केली. पहिल्याच ओळीत अंगठा होता. त्यावर वळणं नव्हती. मधोमध एक जाड शीर आणि दोन्हीकडं फुटलेल्या बारीक शिरा, पानाला असतात तशा. सरांनी बोट फिरवलं, ते काळं झालं.

नियमानं दगडोबाला वेगळी कागदी मतपत्रिका मिळाली. त्यासाठी नाव पुन्हा पुकारावं लागलं. मत टाकून तो बाहेर आला तेव्हा नवरदेवासारखा दिसत होता. "दोनदा पुकारलं, सर! दोनदा!"

पुढच्या बैठकीला सरांनी तक्ता उघडला. 'एकही घटक सुटलेला नाही' याखाली सही करताना त्यांचा हात अडला. त्यांनी गुपचूप एक जास्तीची खुर्ची मांडली.

"ही कुणाला?" केवळाबाईच्या शेजारी बसलेल्या दगडोबानं विचारलं.

"काका, तोबी मतदारच हाय. मत टाकलंय त्यानं."

दगडोबा ताडकन उठला. "न्हाई सर! मेल्या माणसाला आपल्यात कशाला बसवता? गाव काय म्हणल?"

"बरुबर बोलले दगडोबा!" सगळं मंडळ एका सुरात म्हणालं.

सरांनी निमूटपणे खुर्ची उचलायला हात घातला आणि चटकन मागं घेतला. खुर्ची पोळत होती.