'न्हाई समजलं'चं बटन

शिकणं आन समजणं ह्या दोघी सख्ख्या जावा हाईत. एका घरात राहतात, पर एकमेकींशी बोलत न्हाईत. त्या दोघींत समेट घडवायला विद्यापीठानं एक कंपनी बोलावली, त्याची ही हकीकत.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तवा चार-पाच वर्षं झाली आसतील. विद्यापीठाकडं ज्ञान होतं, कंपनीकडं कंप्युटर होते, शिकणारी लेकरं दोघांकडंबी नव्हती. म्हणून सामंजस्य करार झाला (म्हंजी दोघांनी एकमेकाला शाल घातली) आन दहावीच्या गणितात गेलेल्या पोरांसाठी सॉफ्टवेअर करायचं ठरलं. त्यानं धडा सांगायचा आन इचारायचं, "समजलं का?" खाली दोन बटनं, 'समजलं' आन 'न्हाई समजलं'. दुसरं दाबलं की धडा उलगडून परत सांगणार. कल्पना थोरच.

चाचणी आमच्या हट्टा गावात झाली. कंपनीचा साहेब हैदराबादहून आला, टायसकट घामाघूम. धडा शेकडेवारीचा होता. धडा सरल्यावर त्यानं हात जोडून इचारलं, "समजलं का?" आता इतकी तकलीफ घेऊन आलेला पाव्हणा! आमच्याकडं पाव्हण्याला न्हाई म्हणणं म्हंजी त्याच्या म्होरचं ताट उचलणं. समद्या गावानं मान हलवली. पुंजाजीनं हलवली (त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत न्हाई). नीलाबाईच्या शेळीनं हलवली (तिची नोंद 'इतर शिकणारे' मधी झाली).

अहवाल निघाला: समज शंभर टक्के. 'न्हाई समजलं' हे बटन कुणीच वापरत न्हाई, सबब ते काढून टाकण्यात यावं. टाकलं. मोकळ्या जागी कंपनीची निशाणी बसवली, फार शोभून दिसायची.

अडचण एकच झाली, माझी नात दीक्षा. तिचं गणितच तेवढं राहिलं होतं. ऑक्टोबरला सुटलं तर नर्सिंगला नांदेडला जाणार, न्हाईतर तिचा बाप भीमराज स्थळं पाहूनच राहिला होता. पोरगी रोज गावातल्या सॉफ्टवेअरच्या केंद्रावर जायची आन शेकडेवारीवर बसून राहायची.

"काहून अडून राहिली गं?" केंद्र सांभाळणाऱ्या संतराम सरांनी इचारलं.

"सर, न्हाई समजलं."

"तसं बटन न्हाई, बाळा."

"मंग तुमी सांगा."

"मी सांगितलं तर सॉफ्टवेअरचा अपमान व्हतो."

त्यातच बक्षीस द्यायला विद्यापीठाचे मोठे साहेब आले. शंभर टक्क्यांचा फलक रंगवून तयार, आन एक पोरगी बटन दाबंना! भीमराज काकुळतीला आला, "दाब की माय, पाव्हणे आले!"

"दाबलं तर माझं राहूनच जाईल, बाबा." पोरीच्या डोळ्यात पाणी.

मंग मीच उठले. "मोठे साहेब, तुमीच सांगा लेकराला. शेकडेवारी म्हंजी काय?"

मोठ्या साहेबांनी कंपनीच्या साहेबाकडं पाहिलं. त्यानं संतराम सरांकडं. सरांनी पडद्याकडं. पडद्यावर एकच बटन. मोठे साहेब उठले, दीक्षाच्या खुर्चीवर बसले आन गंभीर चेहऱ्यानं त्यांनी 'समजलं' दाबलं.

मशीन म्हणलं, "शाब्बास!" टाळ्या झाल्या. गणित आल्याचं प्रमाणपत्र बाहेर आलं, ते साहेबांनी ठेवून घेतलं (त्याला काच लावली म्हणतात).

ऑक्टोबरला दीक्षाचं गणित परत राहिलं. अहवालात आलं: सॉफ्टवेअर उत्तीर्ण, विद्यार्थिनीचं कारण घरगुती. भीमराजनं लगोलग एक स्थळ बोलावलं. मी पाव्हण्यांना म्हणलं, "पोरगी नसलं समजलं तर तोंडावर सांगती. तुमच्या घरात चालंल का?" चहा न पिताच उठले. मंग मी तिला कळमनुरीला पार्वतीबाई मास्तरीणीकडं धाडलं. ही घडीघडी "न्हाई समजलं" म्हणायची, बाई कपाळाला हात लावायच्या आन परत सांगायच्या. मार्चला गणित सुटलं.

आता दीक्षा वारंगा फाट्याच्या दवाखान्यात नर्स हाय. गोळ्या कशा घ्यायच्या ते ऐकून पेशंट "व्हय, समजलं" म्हणला, की ती म्हणती, "बरं, मंग आता तुमी मला सांगा." लोक तिला लय खडूस म्हणतात.

आसो. तुमाला तर समदं समजलं ना?

हलवली मान? बराबर. लिहून घेते, नीलाबाईच्या शेळीच्या खाली.